निघालो शिरूरला, पोचलो दौंडला

संपादक मंडळातली दोन मुलं लेख मागायला केबिनमध्ये आली. मी विषय सांगितला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सर, बिअरवर? मराठी विभागात?"

जणू इंग्रजी विभागात चाललं असतं! मी म्हटलं, "बिअरवर नाही रे, फर्मेंटेशनवर आहे."

"मग चालेल सर."

तर मंडळी, हा लेख फर्मेंटेशनवर आहे. मी केमिकलला शिकवतो, शिवाय गेली चार वर्षं एका ब्लॉकचा वॉर्डन आहे. सबमिशन संपलं की पाण्याच्या टाकीमागे किती बाटल्या निघतात याचा आकडा माझ्याकडे आहे, पण तो इथे देत नाही. त्या बाटल्यांवर 'स्ट्राँग' असं ठसठशीत छापलेलं असतं आणि चवही तशीच असते. पिणाऱ्याला पहिल्याच घोटात कळतं की आपण काय पितोय. मला सांगायचंय ते वेगळ्या बिअरबद्दल. अंगात तेवढीच ताकद, पण जीभ ती कळूच देत नाही. या बिअरनं मला, म्हणजे फर्मेंटेशन शिकवणाऱ्या माणसाला, शिरूरला निघालेलं असताना दौंडला नेऊन सोडलं.

आधी कायद्याचं बोलून टाकतो. महाराष्ट्रात एकवीस वर्षांखाली सौम्य बिअरसुद्धा घेता येत नाही आणि कडक दारूसाठी पंचवीस पूर्ण लागतात. म्हणजे हे पान वाचणाऱ्या बहुतेकांनी सध्या फक्त वाचायचं आहे.

आता माझा मित्र. तो शिरूरचा. आम्ही एकाच बॅचचे, तीन वर्षं एकाच रूमचे. घोडच्या कालव्याखाली त्याच्या घरचा ऊस. माझं गाव दौंड तालुक्यात, केडगावजवळ, आणि आमच्या घराचं गुऱ्हाळ. दोघेही उसातले, त्यामुळे फर्स्ट इयरला मेसमधल्या चहात साखर कमी असते यावर आमचं तात्काळ एकमत झालं आणि दोस्ती जमली. पास झाल्यावर त्याला पहिली नोकरी लागली ती साखर कारखान्याच्या लॅबमध्ये, रसाचं ब्रिक्स मोजायची. ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात विरघळलेली साखर किती ग्रॅम, असं ढोबळमानानं समजा. दहा वर्षं हे केल्यावर तो एकदम पुण्यात एका छोट्या ब्रुअरीत गेला. घरी सांगितलं, "बेव्हरेज कंपनीत आहे." खोटं नव्हतं.

पुण्यात हा प्रकार फार जुना नाही. २००९ साली इथे 'डूलाली' सुरू झाली, ती महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. मग २०१४ च्या सुमारास 'इंडिपेंडन्स' वगैरे आल्या. मायक्रोब्रुअरी म्हणजे जिथे टाकीत बिअर तयार होते तिथेच ती ग्लासात येते. मोठ्या कारखान्यात एकच चव लाखो बाटल्यांत तंतोतंत राखायची असते. इथे ब्रुअरला वाटलं तर तो या महिन्यात एक करतो आणि पुढच्या महिन्यात दुसरंच. माझ्या मित्राला वाटलं, आपण बेल्जियन गोल्डन स्ट्राँग एल करावी. एल म्हणजे साध्या तपमानाला, वर येणाऱ्या यीस्टनं आंबवलेली बिअर. आपल्याकडे बाटलीत मिळते ती बहुतेक लागर, थंडीत सावकाश आंबवलेली.

या जातीची मूळ बिअर बेल्जियमची डूव्हेल. ब्रेंडोंक गावच्या मूर्टगाट घराण्याची ब्रुअरी १८७१ पासूनची. पहिलं महायुद्ध संपल्यावर अल्बर्ट मूर्टगाट थेट स्कॉटलंडला गेला आणि तिथून यीस्ट घेऊन आला. त्या यीस्टवर केलेल्या बिअरला युद्ध जिंकल्याच्या आनंदात 'व्हिक्टरी एल' नाव दिलं. १९२३ साली गावच्या एका चांभारानं ती चाखली आणि म्हणाला, ही तर अस्सल 'डूव्हेल' आहे. तिकडच्या बोलीत डूव्हेल म्हणजे सैतान. व्हिक्टरी गेली, सैतान राहिला. तेव्हा ही बिअर गडद होती. १९७० साली ती सोनेरी झाली, आणि खरी फसगत तिथपासून सुरू झाली. दिसायला आपल्या साध्या पिल्सनरसारखी, पण अल्कोहोल ८.५ टक्के. पुढे इतरांनीही अशा बिअरी काढल्या आणि नावं ठेवली 'ल्युसिफर', 'सेटन'. एकीचं नाव तर 'डेलिरियम ट्रेमेन्स', म्हणजे दारू अचानक सुटल्यावर पक्क्या दारुड्याला जो कंप आणि भास होतात तो आजार! आपल्याकडे असं नाव कुणी मंजूर केलं असतं का, कल्पना करा.

बेल्जियममध्येच एवढ्या कडक बिअरी का, यालाही कारण आहे. १९१९ साली तिकडे फान्डरवेल्डे नावाच्या मंत्र्याच्या पुढाकारानं कायदा झाला आणि कॅफेमध्ये जिनसारखी कडक दारू द्यायला बंदी आली. ती १९८० च्या दशकापर्यंत टिकली. माणसांची तहान कायद्यानं जात नाही, ती दुसऱ्या ग्लासात जाते. ब्रुअरींनी बिअरच कडक केली.

आता मूळ प्रश्न. आठ टक्के अल्कोहोलची बिअर हलकी कशी लागते? इथे आमचा ऊस येतो.

बिअरचा गोडवा माल्टचा. जव भिजवून मोड आणतात आणि वाळवतात, तो माल्ट. तो भरडून ६२ ते ६७ अंशांच्या पाण्यात ठेवला की त्यातली एन्झाइम्स स्टार्चचे तुकडे करून साखर करतात. पण सगळे तुकडे सारखे होत नाहीत. लहान तुकडे यीस्ट खातं. मोठे तुकडे, म्हणजे डेक्स्ट्रिन, त्याला पचत नाहीत आणि ते बिअरमध्ये तसेच राहतात. तोंडात जो भरीवपणा लागतो, 'जड आहे' असं वाटतं, त्यात या डेक्स्ट्रिनचा मोठा वाटा. आता तुम्हाला अल्कोहोल वाढवायचंय. सरळ उपाय, माल्ट वाढवा. मग खाल्ली जाणारी साखर वाढेल, पण न खाल्लेलं डेक्स्ट्रिनही वाढेल. बिअर कडक होईल आणि काकवीसारखी जाडही. दोन घोटांत माणूस म्हणेल, बास.

बेल्जियमवाल्यांनी काय केलं? थोडा माल्ट काढला आणि त्या जागी चक्क साखर टाकली. त्यांची बिटाची, आपली उसाची, रेणू एकच. यीस्ट साखर पूर्ण खातं, मागे काही ठेवत नाही. हिशोब करून बघा: १ किलो साखरेपासून कागदावर ५३८ ग्रॅम अल्कोहोल मिळतं. म्हणजे १०० लिटरच्या टाकीत ३ किलो साखर टाकली की जवळजवळ २ टक्के अल्कोहोल वाढलं, आणि चवीला जडपणा शून्य! माल्टही ६४ अंशांच्या आसपासच ठेवतात, म्हणजे लहान तुकडे जास्त होतात.

मित्रानं मला त्याची वही दाखवली. आंबवण्याआधी घनता १.०७०, नंतर १.०१०. नुसत्या माल्टची असती तर दुसरा आकडा १.०१५ च्या आसपास थांबला असता. फरक दिसायला एवढासा, जिभेला मात्र चांगलाच कळतो. दोन आकड्यांच्या फरकाला १३१ नं गुणा, अल्कोहोलची टक्केवारी येते: ७.९. डूव्हेलचा आकडा त्यानं मुद्दामच गाठला नव्हता, कारण आपल्याकडच्या २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमावलीत बिअरची हद्द ८ टक्के आहे.

आणि एक गंमत, व्हायवाला विचारण्यासारखी. १.०१० हा आकडासुद्धा पूर्ण खरा नाही. अल्कोहोलची घनता ०.७८९, पाण्यापेक्षा हलकी. त्यामुळे उरलेल्या साखरेनं जड झालेलं द्रावण अल्कोहोलमुळे पुन्हा हलकं होतं आणि हायड्रोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो. म्हणजे ही बिअर जिभेला फसवतेच, उपकरणालाही थोडी फसवते. मी फसलो तर त्यात नवल काय!

साखरेऐवजी गूळ का नाही, हा प्रश्न मी विचारणारच होतो. आमच्याकडे चुलवणावर तीन काहिली असायच्या आणि आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, गुळव्या. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा चीफ इंजिनिअर समजा. रस काहिलीत आला की त्यात चुना किती, भेंडीचं पाणी कधी, मळी कधी काढायची, चिपाडं कमी की जास्त, सगळं तो ठरवतो. शेवटी उकळता पाक ११८ अंशांच्या आसपास येतो, पण आप्पांनी आयुष्यात थर्मामीटर हातात धरला नाही. पाण्यात थेंब टाकायचा, बोटांनी गोळी वळायची, झालं. काहील उतरवायची ती वेळ चुकली तर गूळ एक तर बसत नाही, नाहीतर करपतो.

मित्रानं माझा मान राखला. आमच्याकडचा पाच किलो गूळ नेला आणि वीस लिटरची एक छोटी बॅच करून पाहिली. यीस्टची काही तक्रार नव्हती, झकास आंबलं. पण रंग सोनेरी राहिला नाही, तांब्यासारखा झाला, आणि मागे काकवीची चव, किंचित खारट. गुळात उसाचे क्षार, रंग, सगळंच राहतं, म्हणून तर तो गूळ! त्याच्या मते बेल्जियमच्याच गडद बिअरींना तो शोभेल, तिकडे त्या गडद पाक घालूनच करतात. सोनेरीला मात्र पांढरी साखर. मला थोडं लागलं. न्हावऱ्याला घोडगंगा, पाटसला भीमा, असे साखर कारखाने झाल्यावर आमच्या गुऱ्हाळाचा ऊस कसा तुटत गेला ते मी लहानपणी पाहिलंय. इथेही साखरच जिंकली.

त्याच दिवशी त्यानं रिफ्रॅक्टोमीटरवर ताजा उसाचा रस ठेवला. ब्रिक्स १९. न आंबवलेल्या बिअरचं ब्रिक्स होतं १७. म्हणजे रसवंतीवर बर्फ टाकून आपण जे पितो त्यात या सैतानाच्या पोटातल्यापेक्षा जास्त साखर आहे. फरक फक्त यीस्टचा आणि तीन-चार आठवड्यांचा.

यीस्टबद्दल बोलायलाच हवं, नाहीतर ही नुसती साखरेची दारू झाली असती. आपल्या स्ट्राँग बिअरमध्येही तांदूळ, मका, साखर यांपैकी काही ना काही बहुतेक असतंच. तरी ती घशाला टोचते आणि ही टोचत नाही. माझ्या मते फरक यीस्टचा आणि सबुरीचा. बेल्जियन यीस्ट १८ अंशांना कामाला लावतात आणि मग तपमान हळूहळू २६-२८ पर्यंत चढू देतात. या उबेत ते अल्कोहोलबरोबर एस्टर बनवतं. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत आम्ल अधिक अल्कोहोल असं समीकरण घोकलं होतं ना, तेच. आयसोअमाइल अ‍ॅसिटेट म्हणजे पिकलेल्या केळ्याचा वास, एथिल हेक्झानोएट म्हणजे सफरचंद, नासपती यांच्याकडे झुकणारा. शिवाय एक फिनॉल तयार होतो, त्याला लवंगेचा वास. टाकीत केळं नाही, लवंग नाही, नासपती तर मी फळांच्या दुकानातच पाहिलंय. हे सगळं एका पेशीचं काम! मात्र सुरुवातीलाच तपमान भडकलं तर हेच यीस्ट जड अल्कोहोलं जास्त करतं आणि पेंटच्या दुकानात गेल्यासारखा वास येतो. मग थंड करून आठवडेच्या आठवडे मुरवत ठेवायचं. घाई केली की पकडलं जातं.

शेवटचा भाग बुडबुड्यांचा. ही बिअर बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट पुन्हा घालतात आणि बूच लावतात. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबतं आणि कार्बन डायऑक्साइड कोंडला जातो. लिटरला ४ ग्रॅम साखर घातली की बिअरच्या आकारमानाएवढा वायू तयार होतो. साध्या लागरमध्ये असा अडीच पट वायू असतो, इथे साडेतीन-चार पट. म्हणून बाटली जाड काचेची. तोंडात हे बुडबुडे फुटले की जिभेला वाटतं, अरे, हे तर सोड्यासारखं हलकं आहे!

एवढी थिअरी मी जाणत होतो. आता प्रॅक्टिकल.

त्या शनिवारी दुपारी मी बाइकवरून पुण्याला गेलो. बेत असा, की मित्राची बिअर चाखायची, चार ओळी लिहायच्या आणि संध्याकाळी नगर रोडनं शिरूरला. माझी बहीण तिथे दिलेली आहे, भाच्याचा वाढदिवस होता, केक मीच नेणार होतो. मी लॅब जर्नल बरोबर नेलं होतं. सवय.

त्यानं फुगीर पोटाचा, वर किंचित मिटलेला ग्लास आणला. ट्यूलिपच्या फुलासारखा, म्हणून नावही ट्यूलिप. बाटली तिरकी धरून ओतली आणि शेवटचा बोटभर गाळ बाटलीतच ठेवला. पहिल्या ग्लासच्या नोंदी अशा आहेत, जशाच्या तशा देतो:

"रंग: फिकट सोनेरी, वाळलेल्या गवतासारखा. स्वच्छ. फेस: पांढरा, घट्ट, साडेतीन बोटं; पाच मिनिटांनंतरही दोन बोटं शिल्लक, काचेवर जाळी. वास: आधी पिकलेलं केळं, मग नासपती, मग मिरी किंवा लवंग. अल्कोहोलचा वास जवळपास नाही. चव: पहिल्या क्षणी गोड वाटते, लगेच कोरडी होते. कडवटपणा शेवटी, कोवळ्या कारल्याइतपत, छान. घोट गिळल्यावर छातीत किंचित ऊब. ही ऊब हाच एकमेव पुरावा."

शेवटचं वाक्य अधोरेखित आहे. म्हणजे मला माहीत होतं!

खारे शेंगदाणे आले. गप्पा हॉस्टेलच्या निघाल्या. कोणी कोणाच्या जर्नलवरून आकडे ढापले, कोण थर्मोत तीनदा बसला, कोणत्या रेक्टरच्या स्कूटरची हवा कोणी सोडली (ते अजून सांगत नाही, माणूस आता मोठ्या हुद्द्यावर आहे). दुसरा ग्लास कधी आला ते जर्नलमध्ये नाही. दुसऱ्या ग्लासच्या नोंदी:

"चव: छान. फार छान. केळं!! आप्पांना सांगणे."

एवढंच. अक्षर माझंच असावं.

दोन तास झाले होते. मला एकदम तरतरीत वाटत होतं. डोकं स्वच्छ, पाय स्थिर, निदान माझ्या मते. मी उठलो, हेल्मेट घेतलं, खिशात किल्ली शोधली. किल्ली मित्राच्या हातात होती.

"कुठे?"

"शिरूरला. केक घ्यायचाय अजून."

"बस खाली. पेन आहे ना?" त्यानं माझंच पेन घेतलं आणि कागदी रुमालावर गणित मांडलं. ते गणित मी जपून ठेवलंय, कारण विद्यार्थ्यांना इतके दिवस कोहोबेशनची उदाहरणं देत बसलो आणि हे कधी दिलं नाही.

एक ग्लास ३३० मिली. ७.९ टक्के म्हणजे २६ मिली अल्कोहोल. गुणिले ०.७८९, साधारण २०.५ ग्रॅम. व्हिस्कीचा तीस मिलीचा पेग ४२.८ टक्क्यांचा धरला तर त्यात १० ग्रॅम. म्हणजे या नाजूक ग्लासात दोन पेग, बिनपाण्याच्या चवीशिवाय. मी दोन ग्लास घेतले होते. चार पेग!

पुढे विडमार्क. या स्वीडिश शास्त्रज्ञानं १९३२ साली दिलेलं सूत्र अजून चालतं. अल्कोहोलचे ग्रॅम भागिले शरीराचं वजन गुणिले ०.६८. बायकांसाठी ०.५५ धरतात. माझं वजन सत्तर. ४१ भागिले ४७.६, म्हणजे रक्ताच्या १०० मिलीत साधारण ८६ मिलिग्रॅम. शरीर तासाला १५ च्या आसपास संपवतं. दोन तासांचे ३० वजा. उरले ५६. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाची मर्यादा ३०.

"अर्धा माणूस जास्त आहेस," तो म्हणाला.

मी वाद घातला. म्हटलं, मला काहीच वाटत नाहीये. तो म्हणाला, "तेच तर मी बनवलंय." आणि मग, जरा हळू, "माझ्या बिअरवरून उठून कोणी नगर रोडवर ट्रकखाली गेलं तर ते मला चालणार नाही. तू तर नाहीच नाही." शिक्रापूरजवळ आमच्या बॅचचा एकजण गेला, त्याला बारा वर्षं झाली. त्याचं नाव आम्ही दोघांनीही घेतलं नाही. मी हेल्मेट खाली ठेवलं.

पंचावन्न किलोच्या मुलाचं गणित तुमच्यासाठी मी नंतर केलं. एकाच ग्लासला ५५ मिलिग्रॅम. म्हणजे हॉस्टेलच्या सरासरी अंगकाठीचा माणूस एका ग्लासात कायद्याच्या बाहेर. आणि पोट रिकामं असेल तर ते फार लवकर चढतं. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हा झाला कायदा. शिक्रापूरचं गणित कलमात येत नाही.

शिरूरला रेल्वे नाही. बहिणीला फोन केला, बाइक बिघडली म्हणून सांगितलं (ताई हा अंक वाचत नाही, अशी आशा आहे). केक मित्रानं दुसऱ्या दिवशी त्याच्या गावी जाताना पोचवायचं कबूल केलं. मला त्यानं पुणे स्टेशनवर सोडलं आणि रात्रीच्या दौंड गाडीत बसवून दिलं. केडगावला उतरायचं, घरी जायचं, सकाळी ताईकडे. सोपं. हडपसर गेलं ते आठवतं. लोणी गेलं. उरुळी गेलं असावं. यवतला एक भेळवाला चढला, त्याच्या कांद्याचा वास आठवतो. त्यानंतर एका गृहस्थांनी मला खांद्याला धरून हलवलं. "दादा, दौंड आलं. गाडी पुढं जात नाय."

दौंड जंक्शनवर रात्र काढायचा अनुभव ज्यानं घेतला नसेल त्यानं मुद्दाम घेऊ नये. मच्छर मोठे आणि मनमिळाऊ. मी बाकड्यावर बसून पाणी पीत राहिलो आणि दर तासाला १५ मिलिग्रॅम वजा करत राहिलो. मध्यरात्रीच्या आत तिशीखाली आलो. तेव्हा मात्र डोकं ठणकायला लागलं होतं. पहाटेच्या गाडीनं केडगावला परत. आई दारातच रांगोळी काढत होती. तिनं वर पाहिलं, काही विचारलं नाही, चहा टाकला. आमच्या घरात या विषयावर न विचारण्याची जुनी सवय आहे. भीमाकाठच्या गावांत काळा गूळ आणि नवसागर घालून हातभट्टी लागायची. धाकटे काका तिच्यातच गेले. आईच्या लेखी बेल्जियम आणि हातभट्टी दोन्ही दारूच, आणि ग्रॅमच्या हिशोबात ती चुकीची नाही.

पण जर्नलमध्ये लिहिलेलं होतं, आप्पांना सांगणे. ते राहिलंच होतं. दिवाळीच्या सुट्टीत मित्र माझ्याकडे आला तेव्हा एक सीलबंद बाटली बिलासकट घेऊन आला. आप्पा आता सत्तरीच्या पुढे. गळ्यात माळ, दर वर्षी तुकोबांच्या पालखीबरोबर यवतपासून पुढे चालतात. दारूचा थेंब नाही. मी म्हटलं, प्यायची नाही, फक्त वास घेऊन सांगा. त्यांना गुळव्या म्हणून विचारत होतो, नाहीतर बाटली समोर धरायची माझी हिंमत नव्हती.

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग ग्लास हातात घेतला, काहिलीवर वाकावं तसे वाकले आणि डोळे मिटले.

"केळं," ते म्हणाले. "पिकल्यालं. आन मागनं लवंग हाय."

मित्र माझ्याकडे बघत राहिला. त्याच्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाईकं मेनूकार्ड वाचल्याशिवाय एवढं सांगू शकत नाहीत.

"रस रातभर ऱ्हायला का दुसऱ्या दिशी आसाच आंबूस वास मारायचा," आप्पा म्हणाले. "त्यो गूळ बसायचा न्हाय, म्हनून वतून द्यायचो आमी. तुमी त्याचंच पैसं करताय व्हय?" त्यांनी ग्लास उजेडात धरला. बुडबुडे खालून वर सरळ रेषेत चालले होते. "दिसाय ग्वाड हाय."

मग ग्लास माझ्या हातात परत देत त्यांनी विचारलं, "हीच पिऊन तू दौंडला पोचला हुतास ना?"

मी आईकडे पाहिलं. ती चुलीपाशी गेली होती.